डीएसएलआरमध्ये लाइव्ह व्ह्यू इतका उशिरा का आला

मागच्या स्क्रीनकडे बघत फोटो काढायची सोय, म्हणजे लाइव्ह व्ह्यू, महागड्या कॅमेऱ्यात आधी आली असेल असं वाटतं ना, पण झालं नेमकं उलटं. १९९५ ला बाजारात आलेल्या कॅसिओच्या क्यूव्ही-१० ला स्क्रीन होती जेमतेम १.८ इंची, सेन्सर (चित्र टिपणारी चिप) पाव मेगापिक्सेलचा, आणि डोळा लावायला व्ह्यूफाइंडरच नव्हता, म्हणजे जे काय बघायचं ते स्क्रीनवरच. त्यानंतर छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांना हे सगळं रोजचंच झालं, आणि लाख लाख रुपयांचे डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेले मोठे डिजिटल कॅमेरे, मात्र फोटो काढून झाल्यावर तो दाखवण्यापुरतीच स्क्रीन वापरत बसले.

कारण आरसा. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड आरशावर आपटून वर व्ह्यूफाइंडरमध्ये जातो, सेन्सर बिचारा आरशामागे, बंद शटरच्या आड अंधारात. बटण दाबलं की आरसा वर, शटर उघडणार, तेवढ्यापुरतंच त्याला काहीतरी दिसणार. बरं, नुसता आरसा वर धरून ठेवला की काम झालं असंही नाही, कारण ऑटोफोकसचे सेन्सर खाली तळाशी आणि त्यांना उजेड मिळतो तो आरशामागच्या छोट्या दुसऱ्या आरशातून, त्यामुळे मोठा वर गेला की ऑटोफोकस आंधळा. शिवाय सेन्सर सतत चालू ठेवला की तापतो, नॉइज (फोटोतले दाणे) वाढतो, बॅटरी खातो ते वेगळंच.

ऑलिंपसने २००० साली ई-१० मध्ये हलणारा आरसाच काढला आणि उजेड दोन वाटांनी पाठवणारा प्रिझम बसवला, पण त्याची लेन्स बदलता येत नव्हती. मग २००५ ला कॅननचा २०डीए, हा खास आकाशाचे फोटो काढणाऱ्यांसाठी. व्ह्यूफाइंडरमधून ताऱ्यावर फोकस करून बघा म्हणजे कळेल का ते, ठिपका शार्प आहे की किंचित फुगलाय हे डोळ्याला ठरवताच येत नाही. यात आरसा वर करून मधला भाग स्क्रीनवर मोठा करून बघता यायचा, बाकी लाइव्ह व्ह्यू म्हणावा असं फारसं काही नव्हतं.

खरी उडी २००६ ची, ऑलिंपस ई-३३०, आणि माझ्या मते या कॅमेऱ्याला मिळायला हवं होतं तेवढं श्रेय कधी मिळालंच नाही. लेन्स बदलता येणाऱ्या डीएसएलआरमध्ये पूर्णवेळ लाइव्ह व्ह्यू देणारा हा पहिला, तोही दोन प्रकारे. मोड ए मध्ये व्ह्यूफाइंडरच्या वाटेवर एक वेगळा छोटा सेन्सर होता, आरसा खालीच राहायचा म्हणून ऑटोफोकस नेहमीसारखा झटपट, फक्त फ्रेमच्या कडा थोड्या कापल्या जायच्या आणि व्ह्यूफाइंडर अंधुक. मोड बी मध्ये आरसा वर, चित्र थेट मुख्य सेन्सरवरून, १० पट मोठं करून बघा पण फोकस हाताने. स्क्रीन वर-खाली वळायची, म्हणजे गवतातल्या किड्याचा फोटो काढायला चिखलात आडवं व्हायची गरज नाही, मॅक्रोवाल्यांना अजून काय पाहिजे.

२००७ मध्ये कॅननचे १डी मार्क ३ आणि ४०डी, निकॉनचे डी३ आणि डी३०० असे सगळेच लाइव्ह व्ह्यू घेऊन आले, पण वापरायला वैताग. डी३०० हातात धरून वापरायचा तर फोकससाठी आरसा खटकन खाली, स्क्रीन काळी, फोकस लागला की परत वर, तोपर्यंत फुलपाखरू उडालेलं. ट्रायपॉड मोडमध्ये आरसा वर ठेवूनच सेन्सरवरचा कॉन्ट्रास्ट तपासत फोकस व्हायचा, तो इतका आरामात पुढे-मागे करत यायचा की स्थिर वस्तू सोडून कशालाच उपयोग नाही. सोनीने २००८ ला ए३०० आणि ए३५० मध्ये परत वेगळ्या छोट्या सेन्सरची युक्ती वापरली, स्पीड मिळाला, पण चित्र मुख्य सेन्सरचं नसल्याने फोकस बारकाईने तपासायची सोय गेली.

आणि त्याच वर्षी सगळंच फिरलं. सेन्सरवरून सतत चित्र येतंच आहे तर ते रेकॉर्ड का करू नये, म्हणून ऑगस्टमध्ये निकॉन डी९० आला ७२०पी व्हिडिओ घेऊन, पुढच्याच महिन्यात कॅनन ५डी मार्क २ फुल एचडी घेऊन. आपल्याकडच्या लग्नाच्या व्हिडिओंमध्ये मागचं सगळं धूसर आणि नवरीचा चेहरा तेवढा शार्प, हा लूक यायला लागला त्याचं मूळ या कॅमेऱ्यांत आहे. आणि सप्टेंबरमध्येच पॅनासॉनिकने जी१ जाहीर केला, ज्यात आरसा नाहीच, कायम लाइव्ह व्ह्यू, डोळा लावला तरी आत छोटी स्क्रीनच.

ऑटोफोकसचा घोळ मात्र सुटायला अजून काही वर्षं गेली. २०१३ च्या कॅनन ७०डी मध्ये ड्युअल पिक्सेल आलं, मुख्य सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग करून तिथेच फेज डिटेक्शन (दोन भागांतला उजेड ताडून फोकस किती आणि कुठे सरकवायचा ते थेट ओळखणं), त्यामुळे आरसा वर असला तरी फोकस व्यवस्थित आणि न हुडकता लागायला लागला.

२०२० पर्यंत तर गंमतच झाली. कॅनन १डीएक्स मार्क ३ डोळा लावून सेकंदाला १६ फोटो काढायचा, लाइव्ह व्ह्यूत २०. निकॉन डी७८० मध्ये व्ह्यूफाइंडरमधून ५१ फोकस पॉइंट, आणि आरसा वर केला की २७३, कारण लाइव्ह व्ह्यूची ती फोकस सिस्टिम निकॉनने स्वतःच्याच मिररलेस झेड६ वरून आणली होती.