राडारोड्याची खडी (खानदेश)

पाडलेल्या बांधकामाचा मलबा निवडून, फोडून, चाळून नव्या काँक्रीटमध्ये खडी, वाळू किंवा पूड म्हणून वापरण्याची पद्धत. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची, खडी मुबलक मिळते. त्यामुळे मलब्याकडे आजवर प्लिंथची (जोत्याची) भर किंवा रस्त्याचा खड्डा बुजवायची वस्तू म्हणूनच पाहिले गेले. जुनी घरे पाडून स्लॅबची घरे बांधण्याचे काम मात्र गावोगाव चालू आहे, आणि त्यातून निघणारा माल चांगला निवडला तर पीसीसी (सळईविना साधे काँक्रीट), कोबा (जमिनीवरचा ओतीव काँक्रीटचा थर), फरशीखालचा थर, पेव्हर ब्लॉक यांसाठी पुरेसा चांगला असतो.

खानदेशात मलबा तीन जातींचा निघतो. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरातून पांढरी माती, सागाची लाकडे आणि मातीत रचलेला काळा दगड. हा दगड धुऊन फोडला की खाणीतल्या दगडाच्याच तोडीचा; तो इतर मलब्यात मिसळून वाया घालवू नये. विटांच्या घरातून भट्टीच्या विटांचे रोडे, चुना आणि सिमेंट-वाळूचा गिलावा निघतो. तिसरी जात स्लॅब, बीम, कॉलम फोडून मिळणाऱ्या काँक्रीटची. खडी-वाळूचे भारतीय मानक आयएस ३८३ (२०१६) यांपैकी शेवटच्या दोन जातींत स्पष्ट भेद करते. निव्वळ काँक्रीटपासून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि तेही एम-२५ पर्यंतच चालते (‘एम’पुढचा आकडा म्हणजे काँक्रीटची २८ दिवसांची ताकद, न्यूटन प्रति चौरस मिमीमध्ये). एम-१५ पेक्षा कमी प्रतीच्या लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या, काँक्रीटमध्ये ती १०० टक्के वापरता येते. विटा मिसळलेली खडी मात्र फक्त लीन काँक्रीटमध्येच वापरायची. सळईच्या कामात तिला अजिबात परवानगी नाही.

म्हणून या पद्धतीचे खरे काम क्रशरवर नाही, पाडण्याच्या वेळी होते. ब्रेकर लावण्याआधी दरवाजे-खिडक्या, वायरिंग, प्लास्टिकचे पाइप आणि विशेषतः पीओपीचे छत उतरवून घ्यावे. पीओपी म्हणजे जिप्सम. त्यातले सल्फेट सिमेंटमधल्या अ‍ॅल्युमिनेटशी संयोग पावून फुगते, आणि काँक्रीट घट्ट झाल्यावर काही महिन्यांनी तडे दिसू लागतात. काँक्रीटचे मानक आयएस ४५६ नुसार मिश्रणातील एकूण विद्राव्य सल्फेट सिमेंटच्या वजनाच्या ४ टक्क्यांहून अधिक नसावे. पीओपीचे तुकडे ढिगात मिसळले की ही मर्यादा राखणे अवघड होते. काळ्या मातीची ढेकळेही तितकीच घातक: पाणी लागले की फुगतात, वाळले की आकसतात, आणि पृष्ठभागावर खळगे पडतात. २०१६ च्या बांधकाम कचरा नियमांनीही मोठ्या कामांवर काँक्रीट, माती, पोलाद, लाकूड-प्लास्टिक आणि विटा-गिलावा वेगळे काढणे बंधनकारक केले.

निवडलेले काँक्रीट जॉ क्रशरमधून (जबड्यासारख्या पट्ट्यांत दगड फोडणाऱ्या यंत्रातून) काढायचे, चुंबकाने सळईचे तुकडे व तारा उचलायच्या आणि २० मिमी, १० मिमी व ४.७५ मिमीच्या चाळण्यांवर वेगळे करायचे. ४.७५ मिमीखालचा कचही मानकानुसार सळईच्या कामात २० टक्के चालतो. तरीही तो तिथे टाळलेला बरा. जुन्या सिमेंटचा बहुतेक भुगा त्यातच उतरतो आणि पाण्याची मागणी वाढते.

या खडीचा मूळ दोष एकच, दगडाला चिकटून राहिलेला जुना सिमेंट-वाळूचा मसाला. बेसाल्टची खडी साधारण १ ते २ टक्के पाणी शोषते; ही बहुधा ३ ते ८ टक्के. आयएस ३८३ मध्ये अशा खडीला १० टक्क्यांपर्यंत शोषण चालते, पण आधी भिजवून घेण्याच्या अटीवर. शोषण मोजणे सोपे आहे: नमुना २४ तास पाण्यात ठेवावा, फडक्याने वरचे पाणी टिपून वजन करावे, मग ओव्हनमध्ये १००-११० अंशांवर वाळवून पुन्हा वजन करावे. ओले २.१ किलो आणि कोरडे २ किलो भरले, तर शोषण ५ टक्के.

साइटवर चूक नेमकी इथे होते. एका गोणी (५० किलो) सिमेंटच्या काँक्रीटमध्ये सुमारे १७० किलो खडी धरा. तिच्या २० टक्के म्हणजे ३४ किलो मलब्याची. ५ टक्के शोषणाने ती फक्त १.७ लिटर पाणी पिते. पण मिक्सरमधला माल कोरडा दिसला की मिस्त्री अर्धी बादली, साडेसात लिटर तरी ओततो. खडीने आपला वाटा घेतल्यावर मसाल्यात जवळपास ६ लिटर जादा उरते आणि पाणी-सिमेंट गुणोत्तर (पाण्याचे वजन भागिले सिमेंटचे वजन) ०.५० वरून ०.६२ च्या आसपास जाते. ताकद घटते ती मुख्यतः या बादलीने. दोष मात्र खडीला दिला जातो.

यावर उपाय म्हणजे ढीग आदल्या संध्याकाळी पाण्याने भिजवून गोणपाटाने झाकणे. भुसावळ-जळगावकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात उघडा ढीग तासाभरात वरून कोरडा पडतो, म्हणून काँक्रीट सकाळी लवकर टाकावे आणि ओलावा रोज मोजावा. मिसळतानाही क्रम बदलावा. आधी खडी व वाळू अर्ध्या पाण्यात मिनिटभर फिरवायची, मग सिमेंट टाकून अर्धा मिनिट, शेवटी उरलेले पाणी घालून दोन मिनिटे. अर्धेच पाणी असताना सिमेंट पडल्याने त्याचा पातळ लेप जुन्या मसाल्याच्या छिद्रांवर बसतो आणि सांधा घट्ट होतो.

विटांचा उपयोग वेगळा आहे. चांगल्या भाजलेल्या विटेची बारीक पूड म्हणजे जुनी सुरकीच. ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारी पूड सिमेंटच्या जागी १० टक्क्यांपर्यंत घातली, तर सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी तिची सावकाश क्रिया होते. कच्ची, पिवळसर वीट मात्र चालत नाही; तिच्यातली माती पुरती भाजलेली नसते. भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख याच कामाची आहे आणि तिचा दर्जा अधिक एकसारखा असतो, म्हणून राख मिळत असेल तिथे विटेची पूड करण्यात अर्थ नाही.

राख किंवा पूड घातलेल्या काँक्रीटवर उष्ण-कोरड्या हवेत १४ दिवस पाणी मारावे. साध्या सिमेंटलाही अशा हवेत १० दिवस लागतातच. मलब्याच्या खडीचे काँक्रीट जास्त आकसते आणि त्याचा स्थितिस्थापकत्वांकही कमी असतो, म्हणजे भाराखाली ते जास्त वाकते. त्यामुळे लांब बीम, पाण्याची टाकी, गॅलरीचा पुढे आलेला स्लॅब यांत परवानगी असली तरी ते वापरू नये. काम सुरू करण्याआधी १५ सेंटिमीटरचे क्यूब भरून ७ आणि २८ दिवसांनी फोडून पाहावेत. पूड घातली असल्यास आणखी ३ क्यूब ५६ दिवसांसाठी राखून ठेवावेत. एका घराच्या मलब्यावर केलेली ही चाचणी दुसऱ्या घराच्या मलब्याला लागू होत नाही. ढीग बदलला की क्यूब पुन्हा भरावे लागतात.