अपग्रेडनंतर ‘पायथन’ सापडत नाही: त्यामागचा इतिहास

उबुंटू या लिनक्स प्रणालीचं अपग्रेड सुरळीत पार पडतं, मशीन पुन्हा सुरू होतं, आणि कित्येक वर्षं रोज रात्री निमूटपणे बॅकअप घेणारी, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली छोटी स्क्रिप्ट एक ओळ दाखवून थांबते: ‘पायथन’ नावाची फाइल किंवा डिरेक्टरी नाही. गंमत म्हणजे टर्मिनलवर ‘पायथन३’ असं टाइप केलं की पायथन ठणठणीत चालू होतं. भाषा मशीनवर आहे, तिला हाक मारायचं एक नाव मात्र नाही. ही अवस्था कुणाच्या चुकीतून आलेली नाही. ती जागा विचार करून रिकामी ठेवली आहे, आणि का ठेवली हे कळलं की दुरुस्तीही नीट करता येते.

सुरुवात स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीपासून करावी लागते. ‘#!’ या दोन चिन्हांनी सुरू होणारी ही ओळ, म्हणजे शेबँग, डेनिस रिची यांनी जानेवारी १९८० मध्ये युनिक्समध्ये आणली. कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ही दोन चिन्हं वाचतो, पुढे लिहिलेला प्रोग्राम शोधतो आणि फाइल त्याच्या हवाली करतो. तो प्रोग्रामच मिळाला नाही, तर टर्मिनलमध्ये कमांड घेणारे काही शेल नुसतंच ‘सापडलं नाही’ म्हणतात. स्क्रिप्ट डोळ्यांसमोर असते, त्यामुळे नेमकं काय सापडलं नाही हे नवख्या माणसाला उमगत नाही. पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम जिथे शोधले जातात त्या फोल्डरांच्या यादीत, शोध घेणाऱ्या ‘एन्व्ह’ कमांडमार्फत पायथन बोलावायची पद्धत पुढे रुळली. जगभरच्या असंख्य स्क्रिप्टच्या डोक्यावर नुसतं ‘पायथन’ लिहिलं गेलं, कारण तेव्हा पायथन एकच होतं.

गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या नाताळात अ‍ॅमस्टरडॅममध्ये या भाषेचं काम हाती घेतलं आणि १९९१ मध्ये पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. पायथन २ आलं २००० मध्ये. ३ डिसेंबर २००८ ला पायथन ३ आलं, ते जुन्या कोडशी सुसंगत राहायचं नाही असं आधीच ठरवून. ‘प्रिंट’ला कंस लागू लागले. पूर्णांकांचा भागाकार बदलला. सगळ्यात मोठा बदल अक्षरांच्या हाताळणीत झाला.

मराठीत काम करणाऱ्यांना हा बदल किती मोठा होता हे वेगळं सांगायला नको. पायथन २ मध्ये यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) फाइलीतल्या साध्या स्ट्रिंगमध्ये ‘मराठी’ लिहून लांबी विचारली, तर उत्तर यायचं १५, कारण ती भाषा अक्षरं न मोजता बाइट मोजत होती. पायथन ३ तोच शब्द ५ युनिकोड चिन्हांचा मानतं: तीन अक्षरं आणि दोन मात्रा. आधी फाइलीच्या वर एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली ते सांगणारी, ओळ घालावी लागे, तरीही देवनागरी मजकूर बाहेर पाठवताना फक्त इंग्रजी अक्षरं ओळखणाऱ्या अ‍ॅस्कीची एरर कुठेतरी टपलेली असायचीच. पायथन ३ ने जुनं मोडलं म्हणून जगभर नाराजी होती. पण देवनागरीपुरतं बोलायचं, तर ते मोडणं गरजेचंच होतं असं मला ठामपणे वाटतं.

प्रश्न उरला नावाचा. ‘पायथन’ म्हटल्यावर कोण हजर व्हायचं? आर्च लिनक्स या लिनक्सच्या एका वितरणाने २०१० मध्येच ते नाव पायथन ३ ला देऊन टाकलं आणि बऱ्याच जुन्या स्क्रिप्ट कोलमडल्या. २०११ मध्ये पायथनच्या समुदायाने पेप ३९४ हा प्रस्ताव लिहून सल्ला दिला: तूर्त ‘पायथन’ म्हणजे २, नवीन हवं असेल तर स्पष्ट ‘पायथन३’ लिहा. पुढे त्यात बदल करून निर्णय लिनक्स तयार करून देणाऱ्या वितरकांवर सोपवला. २०१९ मध्ये फेडोरा ३१ ने नाव ३ कडे वळवलं. त्याच वर्षीच्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ ने नुसतं ‘पायथन’ हे नाव मुळात दिलंच नाही. डेबियन आणि उबुंटूनेही तेच केलं.

मला हाच मार्ग योग्य वाटतो. ५ भागिले २ याचं उत्तर पायथन २ मध्ये २ आणि पायथन ३ मध्ये २.५ येतं. पगाराचा किंवा मार्कांचा हिशेब करणारी जुनी स्क्रिप्ट न कुरकुरता नव्या भाषेत चालली, तर चुकीचा आकडा कागदावर जाईल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. त्यापेक्षा स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला अडलेली बरी.

पायथन २ चा पाठिंबा आधी २०१५ ला संपणार होता, तो २०२० पर्यंत लांबवला गेला. शेवटची २.७.१८ ही आवृत्ती २० एप्रिल २०२० ला आली, आणि तीनच दिवसांनी उबुंटू २०.०४. तिथे एक गुंता झाला: नव्याने इन्स्टॉल केलेल्या मशीनवर ‘पायथन’ नव्हतं, पण जुन्यावरून अपग्रेड केलेल्या मशीनवर ते पायथन २ कडे बोट दाखवत राहिलं. आवृत्ती एकच, पण शेजारशेजारच्या दोन मशीनचं वागणं वेगळं. त्यामुळे काहींना हा धक्का पुढच्या अपग्रेडला बसला.

उपाय छोटा आहे. स्क्रिप्ट पायथन ३ मध्ये चालते याची खात्री असेल, तर पहिल्या ओळीत ‘पायथन३’ लिहावं. स्क्रिप्ट खूप असतील किंवा दुसऱ्याच्या असतील, तर ‘पायथन-इज-पायथन३’ हे पॅकेज बसवावं. ते ‘पायथन’ची लिंक पायथन ३ ला जोडतं आणि सॉफ्टवेअर बसवणाऱ्या पॅकेज मॅनेजरकडे त्याची नोंद राहते. हाताने लिंक टाकली तर ही नोंद होत नाही. ‘पायथन३’ ही सिस्टमची लिंक मात्र दुसऱ्या आवृत्तीकडे मुळीच वळवू नये. उबुंटूच्या ‘एप्ट’ या पॅकेज मॅनेजरची पायथनमधली अवजारं तिच्यावर चालतात. ती वळवल्यावर ‘एप्ट-पीकेजी’ हे मॉड्यूल, म्हणजे त्यांना लागणारा तयार कोड, सापडत नाही आणि कधी कधी टर्मिनलही उघडेनासं होतं.

हरवलेलं दुसरंही एक काही असू शकतं. उबुंटू २०.०४ मध्ये पायथन ३.८ होतं, २२.०४ मध्ये ३.१०, २४.०४ मध्ये ३.१२. ‘पिप’ या पायथनच्या इन्स्टॉलरने बसवलेली मॉड्यूल आवृत्तीच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतात. अपग्रेडनंतर ती डिस्कवर तशीच पडून राहतात, पण नवं पायथन तिकडे बघत नाही. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटही, म्हणजे एका कामापुरतं वेगळं ठेवलेलं पायथन, नव्याने बांधावं लागतं. म्हणून अपग्रेडच्या आधी मॉड्यूलची यादी एका फाइलीत काढून ठेवावी.

फक्त पायथन २ मध्येच चालणारी स्क्रिप्ट असेल, तर ती बदलण्याचं काम आता लांबवू नये. डेबियन १२ मध्ये पायथन २ चं पॅकेजच नाही. जुना कोड नव्यात आणायला मदत करणारं ‘टू-टू-थ्री’ हे अवजार इतकी वर्षं पायथनसोबतच मिळत होतं. २०२४ च्या पायथन ३.१३ मधून तेही काढून टाकलं आहे.