‘ग्रेड ३’ आणि ‘झेड स्कोअर ३’: स्नायूंच्या सोनोग्राफीतले दोन वेगळे तीन

एका रिपोर्टवर ‘हेकमॅट ग्रेड ३’, वर्षभराने दुसरीकडे काढलेल्या रिपोर्टवर ‘झेड स्कोअर ३’. दोन्हीकडे तीनच बघून आईबापांच्या जिवात जीव येतो: आजार वाढला नाही! पण हे दोन्ही ‘तीन’ एकमेकांशी ताडून बघायचेच नसतात.

ग्रेड डॉक्टर डोळ्यांनी देतात. मुलाच्या मांडीवर गार जेल लावून प्रोब (ध्वनिलहरी सोडणारा, हातात धरायचा भाग) आडवा टेकवला की निरोगी स्नायू काळसर दिसतो, त्यात बारीक पांढरे ठिपके, आणि तळाशी हाडाची लख्ख पांढरी कमान. ड्युशेन डिस्ट्रॉफी या स्नायू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजारात स्नायूची जागा चरबी आणि तंतुमय ऊती घेतात. ध्वनिलहरी तिथेच परततात, विखुरतात. स्नायू पांढरा होतो आणि खालचं हाड झाकोळतं. १९८० च्या सुमारास लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये हेकमॅट, डुबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं, त्यातून चार पायऱ्या आल्या. १ म्हणजे सामान्य. २ म्हणजे स्नायू पांढुरका, हाड ठळक. ३ म्हणजे हाड पुसट. ४ म्हणजे हाड दिसतच नाही.

झेड स्कोअर संगणक काढतो. स्नायूभोवती रेघ आखायची; आतल्या प्रत्येक बिंदूचा करडेपणा ० (काळा) ते २५५ (पांढरा) मोजून सरासरी निघते. वयानुसार निरोगी स्नायूही पांढुरका होतो, म्हणून ती सरासरी त्याच वयाच्या निरोगी लोकांशी ताडतात; त्यांच्या सरासरीपासून ती किती प्रमाण विचलनं (नेहमीच्या चढउताराचं माप) दूर आहे, तो झेड स्कोअर. २ च्या वर गेलं की साधारणपणे सदोष मानतात. डोळ्याला ‘ठीकच आहे’ वाटणारा सुरुवातीचा बदल इथे सापडू शकतो, आणि ही मोठीच गोष्ट आहे.

पण हा आकडा नाजूक असतो. मशीनचा गेन (चित्राचा उजळपणा) वाढवला की तीच मांडी पांढरी होते. प्रोब किंचित कलला की काळी. ग्रेडमध्ये स्नायू आणि हाड एकाच चित्रात शेजारी असतात, त्यामुळे तिला एवढा धक्का बसत नाही. शिवाय स्नायूची बारीक फडफड चालत्या चित्रात डोळाच टिपतो. स्थिर चित्राच्या सरासरीत ती हरवते.

आजाराचं नाव मात्र दोन्ही तीन सांगत नाहीत. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या मज्जारज्जूतल्या चेतापेशी बिघडून होणाऱ्या आजारातही स्नायू पांढरा दिसतो; तिथे जनुकीय तपासणीच लागते. पुढच्या खेपेला झेड स्कोअर काढायचा असेल, तर आधीचंच मशीन आणि तेच सेटिंग वापरणार का, हे जेल लावण्यापूर्वीच विचारून घ्या.