डाळिंब-द्राक्ष बागेसाठी छोटा ट्रॅक्टर: घेण्याआधी वाचा

शेतकरी बंधू-भगिनींनो,

"किती एचपीचा (अश्वशक्तीचा) घेऊ?" हा प्रश्न आमच्या ट्रॅक्टर-अवजारांच्या दुकानात रोज येतो. त्याचे खरे उत्तर बागेच्या ओळीत आणि फवारणीच्या टाकीत असते. म्हणून निवड उलट्या क्रमाने करा. आधी ओळीतली मोकळी जागा मोजा, मग सर्वांत जड अवजार ठरवा आणि ट्रॅक्टर शेवटी पाहा. बॉनेटवरचा आकडा बघून घेतलेला ट्रॅक्टर एक तर झाडांना घासतो, नाही तर ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या हवेने फवारणारे यंत्र, लावला की दम टाकतो. दोन्हीत पैसे वाया जातात.

ओळ कधी आणि कशी मोजावी

सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची लागवडीची शिफारस ४.५ × ३ मीटर, म्हणजे सुमारे १५ × १० फूट आहे. प्रत्यक्षात १४ × १० आणि १२ × ८ च्या बागाही भरपूर आहेत. पण लागवडीचे अंतर म्हणजे ट्रॅक्टरची वाट नव्हे. १४ फुटांच्या ओळीत झाडांचा घेर वजा केला की ६ ते ८ फूटच उरतात. छाटणीनंतर मोजू नका. बहार धरलेला असताना, फळांच्या वजनाने फांद्या खाली आलेल्या असताना मोजा. दोन्ही बाजूंना निदान एकेक फूट मोकळा राहायला हवा. खोडाला आणि फांद्यांना होणारी जखम म्हणजे रोगाला आणि खोडकिडीला उघडे दार.

द्राक्षात रुंदीइतकीच उंची महत्त्वाची. मंडपाच्या तारा साधारण साडेसहा फुटांवर असतात आणि घड त्याच्याही खाली लोंबतात. सरळ वर गेलेला सायलेन्सर असेल, तर गरम धुराने पाने आणि घड होरपळतात. बागेसाठी सायलेन्सर बॉनेटच्या खाली किंवा बाजूने काढलेला हवा आणि मागची सुरक्षा कमान दुमडणारी हवी. उघड्या रानात गेलात की कमान पुन्हा उभी करून पट्टा लावा.

बहुतेक छोट्या ट्रॅक्टरची बाहेरून बाहेर रुंदी साडेतीन ते चार फूट असते. मागच्या चाकांच्या रिम उलट्या बसवून ती कमी-जास्त करता येते. शोरूममध्ये ट्रॅक्टर रुंद बसवून ठेवलेला असू शकतो, तेव्हा फीत घेऊन जा आणि अरुंद बसवणीतले माप विचारा. ओळीच्या टोकाला वळायला किती जागा आहे, हेही लिहून आणा. मागे ओढायचा ब्लोअर असेल तर १५ फूट तरी लागतात. १० फुटांचाच पट्टा असेल तर उचलून चालणारा, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या तीन सांध्यांवर बसणारा ब्लोअरच बघा.

एचपी: इंजिनची वेगळी, पीटीओची वेगळी

इंजिनच्या एचपीपैकी साधारण ८५ टक्के ताकद पीटीओ शाफ्टवर, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर येते, काही ट्रॅक्टरमध्ये त्याहूनही कमी. २४ एचपीचा ट्रॅक्टर म्हणजे अवजाराला २० च्या आसपास. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्था ट्रॅक्टरची चाचणी घेते. तिच्या अहवालात पीटीओची मोजलेली ताकद, हायड्रोलिकची उचल आणि डिझेलचा खप लिहिलेला असतो. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा. आमच्याकडेही मागा, दाखवणे आमचे काम आहे.

११ ते १५ एचपीत आंतरमशागत, हलकी सरी आणि छोटी ट्रॉली होते. ब्लोअरची अपेक्षा धरू नका. १८ ते २० एचपीवर ३ फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती ढवळणारे अवजार) आणि २०० लिटरचा उचलून चालणारा ब्लोअर चालतो. २४ ते २८ एचपी हा आमच्या सोलापूर भागातल्या बागांना बसणारा गट. त्यावर ४ फुटी रोटाव्हेटर, ४ फुटी स्लॅशर (गवत वरून कापणारे अवजार) आणि ५०० ते ६०० लिटरचा ओढायचा ब्लोअर चालतो. १,००० लिटरचा ब्लोअर छोट्या ट्रॅक्टरचे काम नाही.

गवत: रोटाव्हेटर की स्लॅशर

हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथे सर्वांत जास्त नुकसान होते.

तण दिसले की रोटाव्हेटर फिरवायची सवय लागली आहे. रान दोन दिवस छान दिसते. पण हरळी प्रत्येक पेराला फुटते आणि लव्हाळा जमिनीतल्या गाठींतून येतो. रोटाव्हेटर त्यांचे तुकडे करून सगळ्या ओळीत पेरतो. शिवाय डाळिंब आणि द्राक्षाची अन्न घेणारी बारीक मुळे वरच्या थरात असतात. ती तुटली की झाड ताणात जाते आणि मर रोगाच्या बुरशीला आत शिरायला जखमा मिळतात. रोटाव्हेटर वापरायचाच असेल तर ओळीच्या मधल्या पट्ट्यात, वाफशावर (माती ओलसर पण चिकटत नसताना) आणि ३ ते ४ इंचांपेक्षा खोल नाही. ठिबकची नळी आधी उचलून झाडाच्या बुंध्याकडे घ्या. पात्यांना गुंडाळलेली नळी काढण्यात अर्धा दिवस जातो.

पावसाळ्यात आणि त्यानंतर स्लॅशर बरा. जमिनीपासून ३ ते ४ इंच उंचीवर गवत कापायचे आणि तिथेच पडू द्यायचे. मुळे माती धरून ठेवतात, कापलेल्या गवताचे आच्छादन होते आणि काळ्या रानात ट्रॅक्टर रुतणे कमी होते. गाजर गवत मात्र फुलावर येण्याआधी कापा. बी धरल्यावर कापले तर तुम्हीच ते पसरवता.

स्लॅशरची रुंदी ट्रॅक्टरच्या बाहेरच्या रुंदीपेक्षा थोडी जास्त हवी. नाही तर चाकाखाली दबलेले गवत न कापता राहते आणि चार दिवसांत उभे होते. साडेतीन फुटी ट्रॅक्टरला ४ फुटी स्लॅशर बरोबर बसतो. १४ फुटांच्या ओळी असलेल्या एका एकरात ओळींची एकूण लांबी सुमारे ९५० मीटर भरते. ४ फुटी स्लॅशरने जाऊन-येऊन दोन फेऱ्या, ताशी ४ किलोमीटर वेग, वळणे धरून एकरी सुमारे ४० मिनिटे लागतात. ९ फुटी द्राक्षात एकच फेरी पुरते, अर्ध्या तासात एकर होतो.

स्लॅशरची जड पाती फिरायला लागली की लगेच थांबत नाहीत. सिंगल क्लच असलेल्या, म्हणजे चाके आणि पीटीओ एकाच क्लचवर असलेल्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबला तरी पात्यांचा वेग उलटा गिअरबॉक्समध्ये येऊन ट्रॅक्टर पुढे ढकलतो. टोकाला थांबवायला गेलात आणि ट्रॅक्टर खांबावर गेला, असे याच कारणाने होते. यावर उपाय दोन: ड्युअल क्लचचा, म्हणजे दोन्हींना वेगळा क्लच असलेला ट्रॅक्टर घ्या, किंवा पीटीओवर एकाच दिशेने जोर देणारे वन-वे कपलिंग बसवा. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरला आम्ही कपलिंगशिवाय स्लॅशर देत नाही.

सगळ्या पात्यांना सारखीच धार लावा. एक पाते जास्त घासले की तोल जातो, थरथर वाढते आणि गिअरबॉक्सचे बेअरिंग जाते. सांगोल्याकडच्या मुरमाड रानात दगड उडतात. मागचा साखळ्यांचा पडदा काढू नका आणि काम चालू असताना ५० मीटरच्या आत माणूस, जनावर येऊ देऊ नका. दगडाला लागून शिअर बोल्ट तुटला तर तो तुटण्यासाठीच असतो. त्या जागी जाड किंवा कडक बोल्ट घातला, तर पुढच्या दगडाला गिअरबॉक्स फुटेल.

छाटणीच्या काड्या बारीक करणाऱ्या मल्चरला स्लॅशरपेक्षा जास्त ताकद लागते. २५ एचपीच्या खाली त्याचा विचार करू नका. द्राक्षाच्या निरोगी काड्या बागेतच बारीक करणे चांगले. पण तेल्या (जिवाणूंमुळे होणारा रोग) लागलेल्या डाळिंबाच्या फांद्या मल्चरखाली घालू नका. त्या गोळा करून बागेबाहेर नेऊन जाळा. डाळिंबाचे काटे छोट्या पुढच्या चाकांत सहज घुसतात, म्हणून छाटणी झाल्यावर आधी ओळी साफ करा, मगच ट्रॅक्टर घाला.

उचल आणि तोल

माहितीपुस्तिकेत "उचल ७५० किलो" असे लिहिलेले असते. ती बहुधा अवजार उचलणाऱ्या खालच्या दोन दांड्यांच्या (लिंकच्या) टोकाला मोजलेली असते. अवजाराचे वजन त्याच्याही मागे असते, त्यामुळे प्रत्यक्षातली उचल कमी होते.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न पुढच्या चाकांचा. समजा ट्रॅक्टर ७०० किलोचा आहे आणि त्यातले ३०० किलो पुढच्या आसावर आहेत. दोन आसांमधले अंतर दीड मीटर. मागे २०० लिटरचा भरलेला ब्लोअर, सांगाड्यासह ४०० किलो, मागच्या आसापासून एक मीटरवर लटकतो. ४०० ला दीडने भागले की सुमारे २६७. तेवढे वजन पुढच्या चाकांवरून उतरते आणि पुढे ३३ किलोच उरतात. स्टिअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर सरळ जातो आणि बांध चढताना तोंड वर करतो. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या निदान २० टक्के, इथे १४० किलो, पुढे राहायलाच हवेत. त्यासाठी पुढच्या बंपरवर २० किलोची चार वजने लावावी लागतात; ती आसाच्याही पुढे असल्याने चाकांवर ८० किलोंपेक्षा जास्त भार देतात. ती ट्रॅक्टरबरोबरच घ्या. बहुतेक जण ती वगळतात आणि पहिल्याच फवारणीत धोका पत्करतात.

ओढायच्या ब्लोअरला उचल लागत नाही, पण ६०० लिटर भरल्यावर तो ट्रॅक्टरपेक्षा जड होतो. उतारावर खालच्या गिअरमध्येच राहा. वळणावर पीटीओ बंद करा. तिरप्या कोनात फिरणारा शाफ्टचा जॉइंट खडखडतो आणि त्यातला क्रॉस तुटतो.

टू व्हील की फोर व्हील

हलकी मुरमाड जमीन, सपाट रान आणि ब्लोअर नसेल तर टू व्हील, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद देणारा ट्रॅक्टर पुरे, पैसे वाचवा. मंगळवेढा, पंढरपूर भागातल्या काळ्या जमिनीत मात्र सप्टेंबरच्या पावसानंतर टू व्हीलची मागची चाके जागेवर फिरतात आणि ओळीत खड्डे पडतात. फवारणी नेमकी त्याच वेळी लागते. तिथे फोर व्हीलसाठी जास्त खर्च करावा, हे आमचे स्पष्ट मत आहे. डांबरी रस्त्यावर फोर व्हील काढून ठेवा, नाही तर पुढचे टायर झिजतात आणि गिअरवर ताण येतो. मागच्या टायरमध्ये पाणी भरायचे असेल तर व्हॉल्व्ह सर्वांत वर आणून त्याच्या पातळीपर्यंतच भरा, म्हणजे टायर सुमारे ७५ टक्के भरतो.

परवडतो का, याचा हिशेब

उदाहरण म्हणून ५ लाखांचा ट्रॅक्टर धरा. वर्षाला १० टक्के घसारा आणि १० टक्के व्याज म्हणजे पहिल्या वर्षी १ लाख. वर्षात ३०० तास चालला तर डिझेल सोडून तासाला सुमारे ३३३ रुपये पडतात, १०० तास चालला तर १,०००. पाच एकर डाळिंबात सहा वेळा गवत कापायला २० तास लागतात. एकरी अर्ध्या तासाने २५ फवारण्या धरल्या तर ६२ तास. थोडी वाहतूक मिळवून शंभरी गाठते. गावातल्या भाड्याशी हा आकडा ताडून पाहा. पाच एकरांखाली, बाहेरची कामे घेणार नसाल तर नवा ट्रॅक्टर घेऊ नका. पॉवर वीडर (हाताने धरून चालवायचे तण काढणारे छोटे यंत्र) आणि भाड्याचा ब्लोअर स्वस्त पडतो. एक गोष्ट मात्र पैशात मोजता येत नाही. गवत आठवडाभर थांबते, पावसानंतरची तेल्याची फवारणी थांबत नाही. भाड्याचा ब्लोअर वेळेवर मिळत नसेल तर हिशेब बदलतो.

भाड्याचा ट्रॅक्टर बागेत घेण्याआधी चाके आणि अवजार धुऊन घ्या. मर रोगाची बुरशी मातीबरोबर एका बागेतून दुसऱ्या बागेत जाते.

जुना ट्रॅक्टर बघताना अवजार उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटे थांबा. अवजार खाली येत गेले तर हायड्रोलिकमध्ये गळती आहे. पीटीओ शाफ्ट हाताने हलवून बघा, पुढच्या आसाच्या टोकांना तेल दिसते का ते पाहा, रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नाही ना ते तपासा. कागदांत आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), नावे बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० लागतात. कर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

अनुदान आणि कर

अनुदानासाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर आधी अर्ज करा. पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही. शेतकरी ओळख क्रमांक, सातबारा, आठ-अ, आधार जोडलेले बँक खाते, दरपत्रक आणि चाचणी अहवाल तयार ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. जुने दरपत्रक दाखवून कोणी भाव सांगत असेल तर नवे मागा. दरपत्रकात ट्रॅक्टर, अवजारे, पुढची वजने, नोंदणी आणि विमा वेगवेगळे लिहून घ्या.

ट्रॅक्टर घरी आल्यावर

नव्या अवजाराचा पीटीओ शाफ्ट जसाच्या तसा लावू नका. अवजार वर-खाली करून बघा. शाफ्ट लांब असेल तर उचलताना तो टेकतो आणि पीटीओचे बेअरिंग फोडतो. दोन्ही नळ्या सारख्याच कापा. सर्वांत लांब स्थितीतही एक तृतीयांश भाग एकमेकांत राहिला पाहिजे. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण काढू नका. धोतर, साडीचा पदर किंवा उपरणे त्यात अडकले तर हात-पाय जातात.

पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांना, पुढचे पुस्तिकेप्रमाणे. गवत कापण्याच्या दिवसांत रेडिएटरची जाळी दिवसातून दोनदा साफ करा, हवा पंख्याच्या बाजूने बाहेर मारा. गवताचे तूस जाळीत बसले की सोलापूरच्या उन्हात इंजिन तासाभरात तापते. एअर फिल्टर धुळीत रोज बघा. स्लॅशरच्या गिअरबॉक्समध्ये ९० नंबरचे तेल लागते. पहिल्या दिवसाचे काम संपल्यावर पात्यांचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा, नवे बोल्ट पहिल्या काही तासांतच सैल होतात.