घरातल्या पासवर्डांची वही: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार,

संगणक दुरुस्तीला आला की बिघाड सापडतो, भाग बदलता येतो, यंत्र दोन-तीन दिवसांत परत जाते. खरा खोळंबा होतो तो त्यानंतर. यंत्र सुरू होते, पण मेल उघडत नाही. "पासवर्ड काय आहे?" असे विचारले की उत्तर येते, "तो कधी टाकावाच लागत नव्हता, आपोआप उघडायचे." हे उत्तर आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की शेवटी हे पत्रक काढायचे ठरवले.

निवृत्त झालेल्या एक शिक्षिका आमच्याकडे आल्या होत्या. त्यांच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क पूर्ण गेली होती. फोटो मेलच्या खात्यात ऑनलाइन ठेवलेले होते, म्हणून त्या निर्धास्त होत्या. पण त्या खात्याचा पासवर्ड फक्त ब्राउझरला ठाऊक होता आणि ब्राउझर गेला डिस्कबरोबर. पासवर्ड विसरल्याचे कळवले, तर कोड जाणार होता जुन्या मोबाइल नंबरवर. तो नंबर त्यांनी कधीच बंद केला होता. दुसरा पर्याय म्हणून दिलेला मेल शाळेचा होता, तोही निवृत्तीबरोबर बंद झालेला. तीन संध्याकाळी त्या आमच्या टेबलाशी बसून मुलांच्या जन्मतारखा, घराचे नाव, जुना गाडीचा नंबर असे आठवेल ते टाकून बघत होत्या. खाते काही उघडले नाही. वर्गातल्या मुलांचे वीस-बावीस वर्षांचे फोटो त्या खात्यात अजूनही असतील. कागदावर एक ओळ लिहिलेली असती तर ते आज त्यांच्याकडे असते.

लिहून ठेवायला घाबरू नका

"पासवर्ड कुठेही लिहू नये" हे आपण सगळ्यांनी ऐकले आहे. जिथे दिवसभर दहा माणसे टेबलाजवळून ये-जा करतात, त्या कचेरीसाठी ते ठीक आहे. घरासाठी आमचे मत वेगळे आहे. तुमच्या कपाटातली वही दूर देशातल्या चोराला उघडता येत नाही. शिवाय लिहायचे नाही म्हटले की माणूस लक्षात राहील असा एकच पासवर्ड धरतो आणि तोच सगळीकडे लावतो. वहीपेक्षा कितीतरी मोठा धोका हा आहे.

कारण पासवर्ड बहुधा फुटतात ते आपल्या घरातून नव्हे, समोरच्या कंपनीच्या यादीतून. ही गोष्ट संगणकावरच्या पासवर्डाइतकीच जुनी म्हणता येईल. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एकाच संगणकावर अनेकांना काम करता यावे म्हणून पासवर्डची पद्धत आणली, आणि १९६२ मध्ये तिथल्याच ॲलन शेर या संशोधकाने सगळ्या पासवर्डांची फाइल छापून घेतली. त्याला संगणकावर जास्त वेळ हवा होता. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर गेले. ते कुलूपबंद न करता साध्या अक्षरांत साठवलेले होते आणि त्यांत सर्वाधिक वापरलेला पासवर्ड होता १२३४५६. अशी यादी हाती आली की चोर तेच युजरनेम आणि तोच पासवर्ड मेलवर, बँकेवर, खरेदीच्या साइटवर यंत्राच्या मदतीने टाकून पाहतात. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड असेल तर नुकसान त्या एका खात्यापुरते राहते. वेगळे पन्नास पासवर्ड कुणाच्याच डोक्यात राहत नाहीत, म्हणून वही.

युजरनेम आधी, पासवर्ड नंतर

आमच्याकडे येणारे बरेच लोक पासवर्ड विसरलेले नसतातच, ते युजरनेम विसरलेले असतात. खाते जुन्या मेलवर उघडले की नव्या? मोबाइल नंबरवर की मुलीच्या मेलवर? मग "असे खाते अस्तित्वात नाही" असा संदेश आला की माणूस वैतागून नवीन खाते उघडतो, आणि भरलेली बिले, जुन्या पावत्या मागच्या खात्यात अडकून पडतात. मेलच्या पत्त्यातला ठिपकासुद्धा लिहा. जीमेलला तो असला काय, नसला काय सारखेच. पण ज्या साइटवर तुम्ही खाते उघडले, तिला ठिपक्यासह आणि ठिपक्याविना असे ते बहुतेक वेळा दोन वेगळे पत्ते वाटतात.

काही ठिकाणी पासवर्ड नसतोच, "गूगलने लॉगिन करा" हे बटण दाबलेले असते. वहीत तसेच लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी तुम्ही नसलेला पासवर्ड शोधत बसाल. पासकीचेही तेच. ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०२२ मध्ये मिळून ती सगळीकडे आणायचे जाहीर केले. तिच्यात बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने खाते उघडते. तिथे पासकी कोणत्या फोनवर आहे एवढे लिहा.

एक नोंद अशी दिसावी:

वीजबिलाची साइट. युजरनेम: ग्राहक क्रमांक (मेल नव्हे). पासवर्ड: पुढच्या ओळीत, सुट्या अक्षरांत. ओटीपी जातो: आईच्या फोनवर. गुप्त प्रश्न: पहिली शाळा, उत्तर दिलेले "हिरवी छत्री". बदलला: मार्चमध्ये.

गुप्त प्रश्नाचे उत्तर खरे द्यायची सक्ती नसते. पहिली शाळा कोणती हे तुमच्या ओळखीच्या पन्नास जणांना माहीत असते, तेव्हा भलतेच काहीतरी द्या; फक्त तेही लिहून ठेवा.

अक्षराकडे लक्ष असू द्या. शून्य आणि इंग्रजी ओ, एकचा आकडा, लहान एल आणि मोठा आय यांत हाताने लिहिताना हमखास घोटाळा होतो. आम्ही शून्यावर तिरकी रेघ मारतो आणि मोठ्या लिपीतल्या अक्षराखाली रेघ ओढतो. लिहून झाले की खात्यातून बाहेर पडा आणि वहीत बघून एकदा पुन्हा आत जा. डोक्यातून टाइप केला आणि उघडले, तर वहीतली चूक कळतच नाही.

पासवर्ड कसा असावा

लांब. चिन्हांची कसरत करून आठ अक्षरे जुळवण्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द सरळ जोडा. शब्द मनाने निवडू नका. मन देवाची, मुलांची आणि गावांची नावेच पुढे करते. आर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये डाइसवेअर ही पद्धत मांडली: ७,७७६ शब्दांची यादी घ्यायची आणि पाच वेळा फासा टाकून जो पाच आकडी क्रमांक येईल त्यापुढचा शब्द उचलायचा. असे चार शब्द घेतले तरी ३,६०० लाख कोटींहून जास्त जुळण्या होतात. यादी नसेल तर जाड शब्दकोश डोळे मिटून उघडला तरी घरच्या कामाला पुष्कळ झाले.

मराठी शब्द घेणार असाल तर एक सांभाळा. "खिडकी" हा शब्द इंग्रजी अक्षरांत तुम्ही एक तऱ्हेने लिहाल, तुमचा मुलगा दुसऱ्या: ड नंतर ए आहे की नाही, शेवटी आय की दोन ई. त्यामुळे वहीत शब्द देवनागरीत लिहून थांबू नका, की-बोर्डवर दाबलेले अक्षर न् अक्षर लिहा.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा नियम आता सोडून द्यायला हरकत नाही. तो सल्ला रूढ करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेनेच, एनआयएसटीने, २०१७ मध्ये तो मागे घेतला. मूळ मार्गदर्शिका लिहिणारे बिल बर यांनीही त्याच वर्षी खेद व्यक्त केला. सक्तीने बदलायला लावले की लोक शेवटच्या एकाचा दोन करतात, त्याने काही साधत नाही. गळती झाल्याचे कळले, कुणाला सांगितला गेला किंवा फोन हरवला, तर मात्र त्याच दिवशी बदला. तुमचा मेल पत्ता कुठल्या गळतीत सापडला आहे का, हे सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांच्या "हॅव आय बीन पोन्ड" या साइटवर मोफत बघता येते.

पहिले पान मेलचे

बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड मेलवरून बदलता येतात, म्हणून मेल गेला की सगळे गेले. पहिल्या पानावर मेलचा पत्ता, पासवर्ड, त्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि पर्यायी मेल लिहा. फोनवर कोड येऊ शकत नसेल तेव्हा टाकायचे १० बॅकअप कोड गूगल एका वेळी देते. एक कोड एकदाच चालतो. ते तिथेच चिकटवा आणि वापरलेला खोडत जा. फोन पाण्यात पडला त्या दिवशी तेच उपयोगी येतात.

नंबर बदलणार असाल तर जुना बंद करण्याआधी सगळ्या खात्यांत नवा टाका. सोडलेला नंबर काही काळाने दुसऱ्याला मिळतो, आणि मग तुमचे ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजतात.

वही कुठे ठेवायची

घराची कागदपत्रे असतात तिथे. संगणकाच्या बॅगेत नको, पडद्याच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी नको. वहीचा फोटो काढू नका. फोनमधले फोटो बरेचदा आपोआप ऑनलाइन चढतात. बँक कार्डाचा पिन वहीत घालू नका, तो पाठच हवा.

घरी माणसांचा राबता असेल तर मेल आणि बँक या दोन पासवर्डांच्या शेवटी एक छोटा शब्द मनातच ठेवता येतो, वहीत उरलेला भाग. युक्ती चांगली आहे, पण तो शब्द घरातल्या एका तरी माणसाला सांगाच. सगळे व्यवहार एकटा सांभाळणारा माणूस अचानक गेला की मागे राहिलेल्यांची काय ओढाताण होते, ते आम्ही पाहिले आहे. दुःखाच्या त्या दिवसांत कुणाला पासवर्ड शोधायला लागू नयेत. गूगलमध्ये, खाते बराच काळ वापरले गेले नाही तर कुणाला कळवायचे, ही सोय २०१३ पासून आहे. ॲपलनेही २०२१ च्या अखेरीस वारसदार नेमायची सोय दिली. दोन्ही एकदा भरून टाका.

वहीऐवजी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डामागे सांभाळणारे ॲप, वापरलात तर उत्तमच. बिटवॉर्डन किंवा कीपास मोफत मिळतात. मॅनेजर साइटचा पत्ता जुळल्याशिवाय सहसा आपणहून पासवर्ड भरत नाही, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटवर तो गप्प बसला की आपणही थांबावे. मुख्य पासवर्ड हरवला तर मॅनेजर बनवणाऱ्यांनाही तो सहसा परत मिळवून देता येत नाही, म्हणून तो एक तरी कागदावर हवा.

यंत्र आमच्याकडे देताना

मेलचा किंवा बँकेचा पासवर्ड दुरुस्तीच्या पावतीवर लिहू नका, आम्हाला तो लागत नाही. संगणक सुरू करण्यापुरता पासवर्ड लागलाच तर घरूनच तात्पुरता साधा लावून आणा. आमच्या नावाने कुणी फोनवर ओटीपी मागितला तर तो आम्ही नव्हे; फोन ठेवून द्या. यंत्र घरी नेल्यावर तात्पुरता पासवर्ड बदला आणि नवा वहीत लिहा.