स्वाहिली म्हणी आणि १९२८चा निर्णय

‘हराका हराका हाइना बराका’: घाईत बरकत नाही. ‘हबा ना हबा हुजाझा किबाबा’: थोडे थोडे टाकत गेले की माप भरते. ‘म्गेनी सिकू म्बिली, सिकू या ततू म्पे जेंबे’: पाहुणा दोन दिवसांचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेच्या म्हणी म्हटले की अशा पाचदहा म्हणी पुढे येतात. आज त्या ज्या प्रमाण भाषेत छापल्या जातात तिचा पाया १९२८ मध्ये झांझिबार बेटाची बोली निवडून घातला गेला. त्या निर्णयात केनियातल्या मोंबासा बंदराच्या बोलीवर अन्याय झाला, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात. लामू, मोंबासा, झांझिबार या पूर्व आफ्रिकी किनाऱ्यावरच्या बंदरांत काव्य अरबी लिपीत लिहिले जात होते आणि म्हणी त्या काव्यातून व तोंडातून फिरत होत्या. मोंबासाच्या बोलीला, म्हणजे किम्विताला, एकोणिसाव्या शतकातच मोठा कवी लाभला होता. म्हणींचा पहिला भरीव छापील संग्रह १८९१ मध्ये लंडनहून निघाला. तोही एका मिशनऱ्याने मोंबासातच जमवला होता.

१९२० नंतर केनिया, युगांडा, टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) आणि झांझिबार या चारही प्रदेशांवर ब्रिटिशांचा अंमल होता. सगळ्या शाळांना एकच पुस्तक हवे, तर बोली कोणती धरायची? १९२८ मध्ये परिषद भरली ती मोंबासात, पण निवड झाली झांझिबारच्या किउंगुजा बोलीची. झांझिबारच्या मिशनची धार्मिक पुस्तके आधीच त्या बोलीत होती. व्यापारी तांड्यांबरोबर ती बोली आत सरोवरांपर्यंत पोचली होती आणि टांगानिकात जर्मन काळापासून कारभारात रुळली होती. ही कारणे खरीच आहेत. मोंबासाच्या मिशनने मात्र साहित्याच्या परंपरेचा मुद्दा मांडला होता, आणि म्हणींच्या बाबतीत तोच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा होता. १९३० मध्ये चारही प्रदेशांची मिळून भाषा समिती कामाला लागली. सुरुवातीला तिच्यात एकही आफ्रिकी सदस्य नव्हता. तिचा प्रमाण शब्दकोश १९३९ मध्ये आला.

यात नेमके काय गेले, हे मराठी वाचकाला चटकन कळेल. किम्वितात दातांना जीभ लावून उच्चारायचा ‘त’ आणि थोडा मागचा ‘ट’ असे दोन वेगळे वर्ण आहेत. रोमन लिपीतल्या प्रमाण लेखनात दोघांना एकच अक्षर मिळाले. ‘पा’ म्हणजे छप्पर आणि तोच शब्द महाप्राण उच्चारला की हरीण. हा फरकही लेखनातून पुसला गेला. झांझिबारला ‘माचो’ म्हणजे डोळे, मोंबासाला ‘मातो’. वाट म्हणजे तिकडे ‘न्जिया’, इकडे ‘न्दिया’. म्हण ही यमक, अनुप्रास आणि मात्रांवर उभी असते. तिच्यातले वर्ण बदलले की अर्थ राहतो, पण ठेका जातो. शिवाय समितीच्या शिक्क्यानंतर मोंबासाचे रूप ‘बोली’ ठरले आणि झांझिबारचे ‘भाषा’.

किनाऱ्यावरच्या बायकांनी मात्र म्हणींना आपले वेगळे घर दिले. कांगा या जोडवस्त्राच्या काठालगत एक ओळ छापलेली असते. सुरुवातीला ती अरबी लिपीत असे, पुढे रोमनमध्ये आली. ही पद्धत रूढ करण्याचे श्रेय मोंबासातल्या एका गुजराती व्यापाऱ्याला दिले जाते. कांग्यांची छपाई तर बराच काळ भारत, युरोप आणि जपानमध्ये होत होती. ‘वेमा हाउओझी’, चांगुलपणा कुजत नाही, अशी ओळ भेट म्हणून दिली जाते. ‘निलिकुधानी धहाबू कुंबे अधाबू’, तुला सोनं समजले होते, निघालास शिक्षा, ही ओळ नेसून बाई शब्दही न बोलता भांडण करते. म्हण कुणी, कुणाला, कधी ऐकवली याला कांग्यात जेवढे मोल आहे, तेवढे अर्थासह छापलेल्या यादीत कधीच येत नाही.

अशा याद्या सुटसुटीत ‘आफ्रिकी शहाणपण’ म्हणून वाचल्या जातात तेव्हा आणखी एक गोष्ट निसटते. ‘म्वाचा मिला नी म्तुम्वा’, आपली रीत सोडणारा गुलाम. ही म्हण ज्या किनाऱ्यावर बोलली जाते, तिथे झांझिबारचा गुलामांचा बाजार १८७३ पर्यंत भरत होता. तिथल्या लोकांसाठी त्या शब्दात नुसती उपमा नव्हती.

स्वातंत्र्यानंतर चित्र थोडे हलले. मोंबासाच्या एका तरुण कवीने १९६९ ते १९७२ या तुरुंगवासात किम्वितातच कविता लिहिल्या, आणि ती बोली पुन्हा अभिमानाने वाचली गेली. शाळांनी मात्र जुनाच निर्णय पुढे चालवला. केनियात १९८५च्या शिक्षणरचनेत स्वाहिली हा परीक्षेचा सक्तीचा विषय झाला, आणि दिलेली म्हण कथा रचून सिद्ध करायची हा निबंधाचा ठरलेला प्रकार बनला. ‘खोटारड्याची वाट आखूड’ ही म्हण मोंबासाच्या मुलाने घरी ‘न्दिया’ म्हणून ऐकलेली असली, तरी उत्तरपत्रिकेत त्याला ‘न्जिया’ असेच लिहावे लागते.