गुडघा बदलला, तरी अजून दुखतोय?

ऑपरेशन होऊन चार-सहा महिने झाले, टाके केव्हाच भरून आले, एक्स-रे चांगला आहे, तरी जिना उतरताना गुडघा दुखतो. आमच्या फिजिओथेरपी केंद्रात ही तक्रार नेहमी येते. ओळखीतलं कुणीतरी दोन महिन्यांत हिंडू-फिरू लागलेलं असतं, मग आपलंच काहीतरी बिघडलं असं वाटतं. म्हणून हे पत्रक.

सुरुवातीला काय स्वाभाविक आहे ते पाहू. या ऑपरेशनमध्ये मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं कापून तिथे धातूचे भाग बसवतात आणि मध्ये प्लास्टिकचा थर ठेवतात. दुखतात ते भोवतालचे स्नायू, सांध्याचं आवरण आणि बारीक नसा, आणि त्यांना सावरायला वेळ लागतो. थोडी सूज तीन ते सहा महिने राहू शकते. हात लावल्यावर गुडघा दुसऱ्यापेक्षा किंचित कोमट लागणं त्याहूनही जास्त काळ चालतं. सुधारणा वर्षभर, काहींना दीड वर्षापर्यंत होत राहते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येतो, कारण छेद घेताना कातडीखालची एक छोटी नस कापली जाते. तो भाग हळूहळू आक्रसतो, पण पूर्ण जाईलच असं नाही. चालताना टक्‌-टक्‌ आवाज आला आणि दुखत नसेल, तर घाबरू नका.

मात्र ‘एवढं चालायचंच’ म्हणून वर्षानुवर्षं सोसत बसू नका. दहातल्या एक-दोन जणांना वर्षानंतरही त्रास उरतो. त्यातल्या बऱ्याच जणांना दुखणं सांगायला संकोच वाटतो, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

दुखणं किती आहे यापेक्षा ते कधी आणि कुठे होतं, हे आम्हाला जास्त उपयोगी पडतं. खुर्चीतून उठल्यावर पहिल्या काही पावलांना कळ येते आणि मग कमी होते? सांधा हाडात सैल होत असेल तर असं दुखू शकतं. विशेषतः मधला बराच काळ चांगला गेल्यावर हे सुरू झालं, तर सर्जनना दाखवाच. वाटीभोवती, जिन्यावर आणि खाली बसताना दुखतं? तिथे बहुधा मांडीचा पुढचा स्नायू कमी पडतो किंवा वाटी नीट सरकत नाही. पाय अचानक दगा देतो? मग सांध्याचा तोल तपासावा लागतो. आणि एक गोष्ट हमखास निसटते: खुब्याचा सांधा किंवा कंबरेतली दबलेली नस यांचं दुखणंही गुडघ्यात जाणवतं. म्हणून आम्ही गुडघ्यासोबत कंबर आणि खुबाही तपासतो.

मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. ती आपोआप भरून येत नाही. बरं वाटू लागलं की व्यायाम सुटतो, आणि रेंगाळणाऱ्या दुखण्याचं आम्हाला सर्वाधिक दिसणारं कारण हेच.

घरी एक गोष्ट तपासून पाहा. पलंगावर पाय लांब करून बसा, गुडघा सैल सोडा आणि त्याच्या खालून तळहात सरकवा. हात सहज आरपार जात असेल आणि दुसऱ्या पायाखाली अडकत असेल, तर गुडघा पूर्ण सरळ होत नाही. मग प्रत्येक पावलाला तो अर्धवट वाकलेला राहतो, स्नायू थकतो आणि संध्याकाळी ठणका लागतो. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा खाली सैल सोडणं हा त्यावरचा साधा व्यायाम. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका. आराम वाटतो, पण गुडघा वाकलेलाच आखडतो. गुडघा वाकतच नसेल तर ऑपरेशनच्या पहिल्या तीन महिन्यांतच सर्जनशी बोला, कारण भूल देऊन तो मोकळा करण्याचा उपाय तेवढ्या काळातच जास्त लागू पडतो.

व्यायामानंतर थोडं दुखलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा आणि व्यायाम कमी करा, बंद नको. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. बधिर भागावर विशेष जपा, तिथे चटका कळत नाही.

ताप, व्रणातून पाणी किंवा पू, वाढती लाली, विश्रांतीतही न थांबणारं दुखणं ही जंतुसंसर्गाची लक्षणं असू शकतात, मग ऑपरेशनला कितीही वर्षं झालेली असोत. अशा वेळी आमच्याकडे नव्हे, आधी सर्जनकडे जा. परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. त्यामुळे सांध्यातल्या पाण्याच्या तपासणीत जंतू सापडणं अवघड होतं. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर तातडीने रुग्णालय गाठा.

‘पुन्हा ऑपरेशन करून टाकू का?’ असं अनेकजण विचारतात. कारण सापडल्याशिवाय केलेल्या दुसऱ्या ऑपरेशनने दुखणं जाण्याची शक्यता कमी असते. त्यामुळे आधी कारण शोधू.

तपासणीला येताना ऑपरेशनचे कागद, जुने-नवे एक्स-रे आणि चालू औषधांची यादी आणा. मांडीपर्यंत वर घेता येईल असा सैल कपडा घाला. आदल्या आठवड्यात गुडघा केव्हा, काय करताना, कुठे दुखला ते चार ओळींत लिहून आणलंत, तर पहिल्याच भेटीत निम्मं काम होतं.